ठमी इंजिनाची रविवारची गाडी

आमच्या गाडीत बसायला आलेला माणूस जाताना एखादा किस्सा घेऊन जातो आणि बऱ्याचदा एक नवीन ठेवूनही जातो. त्यामुळं साठा काही कमी होत नाही! परवा एका लग्नात पंगतीला बसले होते. शेजारच्या बाईनं पहिला घास घ्यायच्या आधीच विचारलं, "ते डब्याचं काय झालतं गं?" सांगून होईपर्यंत माझ्या ताटातला भात गार आणि तिच्या ताटातला संपलेला!

म्हणून म्हटलं, एकदा बसून सगळे किस्से सांगून टाकावेत.

मी संगीता. युसूफ वडगावच्या बाजूला एक लहानसा साखर कारखाना आहे, तिथल्या वर्कशॉपमध्ये वेल्डर. हंगामात आठवडाभर माझ्या हातात वेल्डिंगचा होल्डर असतो आणि रविवारी हिरवं निशाण, कारण रविवारी मी गार्ड असते. गाडीचं इंजिन म्हणजे ठमी. कधीकाळी शेतातून ऊस ओढून आणायला घेतलेलं वाफेचं छोटं इंजिन. ट्रॅक्टर आले तसं तिचं काम सुटलं आणि तिला गेटपाशी चौथऱ्यावर नेऊन उभं केलं. दर दसऱ्याला चंदेरी रंग फासायचा, हार घालायचा, संपलं. बुटकी, गोल पोटाची, म्हणून कॉलनीतल्या बायका तिला ठमी म्हणायला लागल्या. ते नाव आता चेअरमन साहेबसुद्धा घेतात.

सुरुवात त्यांच्यापासूनच झाली.

*

हंगामाच्या सुरुवातीचा मोळीपूजनाचा कार्यक्रम होता. मांडव भरलेला, माईक चांगला लागलेला. अशा वेळी चेअरमन साहेब भाषणात जरा वाहवत जातात.

"आपली ठमी ही काय शोभेची वस्तू न्हाई! पुढच्या मोळीपूजनाला ही ठमी शिट्टी मारत येईल, पाहुण्यांना बसवून तलावापर्यंत नेईल! हा माझा शब्द हाय!"

टाळ्यांचा कडकडाट! स्टेजवर आमच्या वर्कशॉपचे इंजिनिअर कांबळे सर बसलेले. सगळ्यात जोरात टाळ्या त्यांच्याच.

ते खाली उतरल्यावर मी विचारलं, "सर, तुम्हाला आधीच माहीत होतं?"

"न्हाई गं."

"मग एवढ्या टाळ्या?"

"मला वाटलं, हे दुसरंच कुणीतरी करणार हाय!"

*

वाफेच्या इंजिनातलं आमच्यापैकी कुणालाच काही कळत नव्हतं. कांबळे सर परळीला गेले आणि तिथून खलीलचाचांना घेऊन आले. चाचा रेल्वेत होते. अगदी तरुणपणी वाफेच्या इंजिनावर फायरमन, मग डिझेलचे ड्रायव्हर, आता रिटायर. घरी बसून कंटाळलेले. सरांनी "इंजिन" एवढाच शब्द उच्चारला आणि चाचा चप्पल घालून तयार!

आल्या आल्या त्यांनी ठमीभोवती दोन चकरा मारल्या. बॉयलरला कान लावला. नाण्यानं टकटक करून बघितलं. नखानं थोडं खरवडलं, अजून थोडं खरवडलं. आम्ही सगळे श्वास रोखून उभे. डॉक्टर पेशंट तपासतात तेव्हा बाहेर नातेवाईक उभे असतात ना, तसे.

शेवटी सरांना राहवलं नाही. "काय वाटतं, चाचा?"

"सर, एवढं तर पक्कं की रंग हाय," चाचा म्हणाले. "आतमधी इंजिन हाय का न्हाई, ते रंग काढल्यावर सांगतो."

*

रंग निघाला. आत इंजिन होतं! मग पुढची गोल टाकी उघडली, जिच्यावर धुराडं असतं. तिच्यातून जे निघालं ते बघायला अर्धी कॉलनी जमली. रबरी चेंडू, एकेकट्या चपला, पतंगाच्या काड्या, कावळ्याचं घरटं आणि एक स्टीलचा गोल डबा. डब्यावर नाव कोरलेलं, "सौ. सुमन हिस मामाकडून".

जमलेल्यांत एकदम कुजबुज सुरू झाली. सुमनकाकू म्हणजे आमचे जुने स्टोअरकीपर विठ्ठलकाका, त्यांच्या घरच्या. कारखान्याच्या मागच्या गल्लीतच राहतात. आणि त्या डब्याचं भांडण आख्ख्या कॉलनीला पाठ!

झालं असं होतं की, काकांचं नुकतंच लग्न झालेलं. एक दिवस ते डब्याविना घरी आले. म्हणाले, "ठमीच्या सावलीत जेवत होतो. वानर आलं, डबा घेऊन वर चढलं आणि धुराड्यात टाकला." काकूंनी एका अक्षरावर विश्वास ठेवला नाही. पत्ते कुटायला बसले असतील, तिथंच विसरले, आता वानराचं नाव सांगतात! ही गोष्ट काकूंनी पुढं मुलांना सांगितली, सुनांना सांगितली, नातवंडांना झोपवताना सांगितली. काका घरात काहीही सांगायला लागले की कुणीतरी हळूच म्हणायचं, "वानर आलं होतं का?"

डबा सापडल्याचं कळताच काका बनियनवरच पळत आले. डबा दोन्ही हातांत धरला. डोळ्यांत पाणीच आलं हो त्यांच्या! मला म्हणाले, "संगीता, तूच चल आणि तूच दे. मी नेला तर म्हणंल, बाजारातून नाव टाकून आणला."

निघालो. पुढं मी, मागं काका, त्यांच्या मागं सगळी कॉलनी. काकू अंगणात तांदूळ निवडत होत्या. मी डबा पुढं केला आणि कुठं सापडला ते सांगितलं. काकूंनी पदरानं काजळी पुसली. नाव वाचलं. डबा उलटा केला, सुलटा केला. काका छाती काढून उभे. इतकी वर्षं ज्या शब्दाची वाट पाहिली, तो आता येणार!

काकूंनी मान वर केली आणि विचारलं, "झाकण कुठंय?"

*

बॉयलरचा काही भाग गंजून पातळ झाला होता. तो कापून नवीन पत्रा बसवायचा आणि वेल्डिंग करायचं. बॉयलरच्या वेल्डिंगला वेगळी परीक्षा द्यावी लागते. मी दिली, पास झाले. पण खरी परीक्षा पुढंच होती. सरकारी इन्स्पेक्टर येणार, बॉयलरमध्ये गच्च पाणी भरून दाब देणार आणि सांधा न् सांधा बघणार. कुठं एक थेंब जरी दिसला तरी नापास. मग ठमी परत चौथऱ्यावर, आणि "बाईच्या हातात दिलं तर असंच व्हायचं" हे वर्कशॉपमध्ये मला पुढं जन्मभर ऐकायला लागणार, ते वेगळंच.

इन्स्पेक्टर साहेब आले. बारीक अंगाचे, बोलणं त्याहून बारीक. हातात टॉर्च. पंपानं दाब चढायला लागला. चाचा एका कोपऱ्यात काहीतरी पुटपुटत उभे. कांबळे सरांना खाली थांबवेना. ते बॉयलरच्या बाजूच्या पायरीवर चढून, वाकून, इन्स्पेक्टर साहेबांच्या डोक्यावरून बघत होते.

साहेबांचा टॉर्च माझ्या सांध्यावरून हळूहळू सरकत आला आणि थांबला. सांध्यावर पाण्याचा एक थेंब.

साहेबांनी तो रुमालानं पुसला. पुन्हा थेंब आला. पुन्हा पुसला. आता दोन आले! चाचांचं पुटपुटणं बंद. पंपावरच्या माणसानं हात काढून घेतला.

साहेबांनी टॉर्च बंद केला, मान वर केली आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही आधी खाली उतरा. बॉयलर कोरडा आहे. गळताय तुम्ही!"

सर घामानं निथळत खाली उतरले. ठमी पास झाली. सगळे एकमेकांना मिठ्या मारत होते आणि मी माझ्याच सांध्यावरून पुन्हा पुन्हा कोरडा रुमाल फिरवत होते.

*

पहिल्यांदा वाफ धरली तो दिवस. गाळप जोरात सुरू होतं. चाचांनी भट्टीत वेड्या बाभळीची लाकडं टाकली, दाबाचा काटा चढला, आणि चाचांनी शिट्टीची साखळी ओढली.

ती शिट्टी एवढी मोठी असेल हे आम्हाला कुणाला माहीत? पाखरं उडाली, कुत्री पळाली, आणि कारखान्यातली अर्धी शिफ्ट सायकल स्टँडवर!

मॅनेजर साहेब धावत बाहेर आले. "कुठं निघालात सगळे?"

"सुट्टी झाली ना साहेब. भोंगा वाजला."

"भोंगा न्हाई, ती ठमी हाय! चला आत!"

सगळे निमूट आत गेले. दुपारी सुट्टीचा खरा भोंगा वाजला. मॅनेजर साहेब खिडकीतून बघतात तर एक माणूस बाहेर नाही. खाली जाऊन विचारलं, "आता का बसून राहिलात?"

"आमाला काय म्हायती साहेब! आमाला वाटलं, ठमी हाय!"

*

तलावापर्यंतचे जुने रूळ वेड्या बाभळीत बुडाले होते. ती तोडली तेव्हा खाली रूळ सापडले, आणि तेच लाकूड ठमीला जळण झालं. रुळांच्या मधे मात्र गवत होतं, आणि गवतावर दत्ताच्या शेळ्या. दत्ता तलावाजवळच्या वस्तीवरचा. वाडवडिलांपासून शेळ्या-मेंढ्या राखणारं घर. त्यानं सरांना स्पष्ट सांगितलं, "रूळ तुमचे असतील. मधलं गवत आमचं हाय."

सरांनी वाद घातलाच नाही. त्याला निशाणवाला म्हणून कामावर घेतला! आता रविवारी दत्ता वाटेत उभा राहतो. शेळ्या बाजूला असल्या तर हिरवं, नसल्या तर लाल.

एका रविवारी अंबाजोगाईच्या मेडिकल कॉलेजची मुलं-मुली सहलीला आली होती. गाणी चाललेली, गाडी रंगात आलेली, आणि पुढं दत्ता लाल निशाण घेऊन नाचतोय. चाचांनी ब्रेक लावला.

"कावून थांबवली बे?"

"शेळी अडलीय, चाचा!"

"अडली तर हाकल की! मला कावून सांगतो?"

"तशी न्हाई अडली! व्यायला अडलीय!"

झालं! सगळे भावी डॉक्टर टपाटप खाली उतरले. रुळाच्या कडेला शेळी आडवी पडून कण्हत होती. चारी बाजूंनी सल्ले सुरू. कुणी नाडी बघू म्हणतंय, कुणी मोबाइलवर शोधतंय. दत्ता रडकुंडीला आलेला. त्याची ती सगळ्यात लाडकी शेळी.

"तुमी माणसांचे डॉक्टर ना?" तो ओरडला. "मग लांब ऱ्हावा! हात लावू नका!"

तेवढ्यात एक बारकीशी मुलगी गर्दीतून पुढं आली. ओढणी कमरेला बांधली, बाह्या वर केल्या. "मामा, तेल हाय का?"

चाचांनी घाईघाईनं आपलं तेलपात्र पुढं केलं.

"इंजिनाचं नको, चाचा! खायचं!"

तलावाला निघालेला भेळवाला गाडीतच होता, त्याच्या पिशवीत गोडेतेलाची बाटली निघाली. तिनं हात धुतले, तेल लावलं, शेळीशी काहीतरी बोलत बोलत आत अडकलेला पाय सरळ केला. थोड्या वेळात एक करडू बाहेर आलं. त्याच्यामागं दुसरं! गाडीत टाळ्या, शिट्ट्या. चाचांनी ठमीची शिट्टी वाजवायला हात वर केला होता, तो आम्ही धरला.

दत्ता त्या मुलीकडं बघतच राहिला. "कुठली गं तू?"

"शिरूर कासारची. आमच्या घरी पण शेळ्या हायत, मामा."

"मग आधी सांगायचं न्हाई का, माय! मी उगाच तुला डॉक्टर समजलो!"

*

एक वर्ष पाऊस कमी झाला. होळीच्या आधीच तलाव तळाला गेला. आणि एका रविवारी मंदाताई, म्हणजे वस्तीच्या सरपंच, रुळावर हंडे घेऊन उभ्या राहिल्या. सोबत वस्तीवरच्या पाच-सात बाया.

"आमी टँकरची वाट बघत बसायचं, अन् ही ठमी टाकी टाकी पाणी पिणार? गाडी पुढं जाणार न्हाई."

खरं सांगायचं तर आम्हाला कुणालाच त्यांचं चुकीचं वाटलं नाही. सर खाली उतरले आणि समजावून सांगायला लागले. "ताई, हे विहिरीचं पाणी न्हाई. उसाचा रस आटवताना वाफ निघते, तिचं पाणी होतं. ते आपण ठमीला देतो."

"उसातलं पाणी?"

"उसातलंच."

मंदाताईंनी इंजिनाच्या नळाखाली ओंजळ धरली आणि चव घेतली. तोंड वाकडं केलं. "गोड कुठं लागतंय?"

"गोड लागलं तर माझी नोकरी जाईल, ताई! साखर पाण्यात वाहून चालली म्हणतील!"

बाया हसायला लागल्या. मंदाताई मात्र हसल्या नाहीत. त्यांचा विचार चाललेला.

"हे जनावरांना चालंल का? धुण्याला?"

"गार केलं की चालंल."

"मग इंजिनाच्या मागं पहिला डबा पाण्याचा. माणसं त्याच्या मागं. कबूल असंल तर जावा."

सरांनी तिथल्या तिथं कबूल केलं. पुढच्या रविवारपासून ठमीच्या मागं पाण्याची टाकी आणि तिच्या मागं बाकं बसवलेल्या उसाच्या ट्रॉल्या. तलावाशी पोचलो की आधी वस्तीची टाकी भरायची, मग भेळ. चेअरमन साहेबांनी त्या टाकीचंसुद्धा उद्घाटन केलं!

त्यानंतर एकदा पुण्याचे एक पाहुणे आले. मोठा कॅमेरा, गळ्यात पट्टा. पहिल्या ट्रॉलीत बसले आणि वैतागले. "इंजिनाचा फोटोच येत नाहीये. ही टाकी मधे कुणी लावली?"

शेजारी मंदाताईच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "दादा, टाकी मधी न्हाई लावली. तुमाला मागं लावलंय!"

*

अंबाजोगाईच्या रजनीबाई म्हणजे एका शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मैत्रिणींना घेऊन महिन्यातून एकदा तरी येतात. गाडी त्यांना मनापासून आवडते. आवडत नाही ते चाचांचं चालवणं! उतरल्यावर इंजिनापाशी जाऊन त्या निकाल सांगतातच.

"खलीलभाई, निघताना एक धक्का, थांबताना दोन."

चाचा समोर "जी, बाई" म्हणतात आणि त्या गेल्यावर माझ्यापाशी धुमसतात. "जिंदगीभर एक्सप्रेस चालवल्या, संगीता! पॅसेंजरच्या हातातला चहा सांडला न्हाई! अन् ही बाई मला धक्के मोजून दाखवती!" पण मनाला लागलेलं. आठवड्यातून मधेच येऊन, रिकामी गाडी जोडून, बाकावर पाण्याचा काठोकाठ भरलेला पेला ठेवून ते सराव करायचे. पुढच्या वेळी बाई म्हणाल्या, "थोडं बरं आहे. ब्रेक अजून जमत नाही."

तो रविवार असाच. गाडी भरलेली. रजनीबाई आणि मैत्रिणी शेवटच्या ट्रॉलीत, माझ्याजवळ. मी खाली उभी राहून निशाण वर करणार, तेवढ्यात गाडी हलली. अगदी अलगद, लोण्यातून सुरी फिरावी तशी. मला वाटलं, चाचांना आज घाई झाली. पळत जाऊन मी माझ्या जागेवर चढले.

थोडं पुढं गेल्यावर सहज मागं वळून पाहिलं. रुळांवरून चाचा पळत येत होते. एका हातात तेलपात्र, दुसरा हात जोरजोरात हलवतायत. मीही हात हलवला.

आणि मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चाचा मागं आहेत, तर पुढं कोण आहे?

भट्टी सांभाळणारे कांबळे सर? ते चाचांच्याही मागं, चहाच्या टपरीपाशी, हातात कप धरून पुतळ्यासारखे उभे होते.

गाडीत बायका, लेकरं, म्हातारी माणसं. ओरडले तर कुणीतरी उडी टाकेल. माझ्याजवळ एकच गोष्ट होती, गार्डच्या हातब्रेकचं चाक. तलावाच्या अलीकडं चढ लागतो, तिथपर्यंत गाडी हळू ठेवली तर चढावर ती आपोआप थांबेल. मी चाक थोडं थोडं फिरवायला लागले. तोंडावर हसू तसंच ठेवलं.

"काय फिरवतेस गं?" रजनीबाईंनी विचारलं.

"नेहमीचंच आहे, बाई."

वाटेत दत्ता दिसला. समोरून इंजिन गेलं, इंजिनात कुणी नाही, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं. तोंड उघडं, आणि हातात हिरवं निशाण तसंच वर धरलेलं!

चढ आला. ठमीचा वेग मोडला. मी चाक आणखी आवळलं. ठमीनं एक लांब उसासा टाकला आणि फलाटाच्या पाटीपाशी, बरोबर पाटीपाशी, उभी राहिली. मी उडी टाकून पळत इंजिनावर गेले, वाफ सोडायचा दांडा अर्धवटच बंद राहिला होता तो घट्ट बंद केला, ब्रेक ओढला आणि तिथंच खाली बसले.

तेवढ्यात सरांची मोटारसायकल धुरळा उडवत आली. मागं चाचा. टोपी कुठंतरी पडलेली, पाय अनवाणी, तेलपात्र छातीशी. गाडी जागेवर उभी, माणसं हसत उतरतायत, लेकरं भेळेकडं पळतायत, हे बघून ते रुळाशेजारी तसेच उभे राहिले.

रजनीबाई सावकाश उतरल्या. पदर सारखा केला. नेहमीप्रमाणं इंजिनाच्या दिशेनं निघाल्या आणि वाटेत चाचांना बघून थांबल्या.

"खलीलभाई, तुम्ही इथं? मग आज गाडीवर कोण होतं? निघताना कळलं नाही, थांबताना कळलं नाही. एक धक्का नाही हो! आता त्यालाच ठेवा."

चाचांनी बाहीनं तोंडावरचा घाम पुसला, एकवार ठमीकडं पाहिलं आणि म्हणाले, "जी, बाई. सांगतो त्याला."